पाहुण्याने फेडायचं कुणाला?

ओळख होऊन जेमतेम दोन तास झाले असतील. त्या घरच्या गृहस्थांनी आपल्या जुडग्यातली एक किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली. "आम्ही दोघं संध्याकाळी येऊ. वरचं कुलूप दोनदा फिरवा, एकदा फिरवून ते नीट लागत नाही." एवढं सांगून ते दोघं कामावर गेले. शहर मला नवं होतं, तिथली भाषा तोडकीमोडकी येत होती, आणि मी एका परक्या घरात एकटा उभा होतो. टेबलावर त्यांची न फोडलेली पत्रं, भिंतीवर मुलीचे लहानपणचे फोटो, कोपऱ्यात वाळत घातलेले कपडे. मी कोण, हे त्यांना माझ्या दोन पत्रांतून आणि दोन तासांच्या गप्पांतून जेवढं कळलं तेवढंच.

तिथे मी तीन रात्री राहिलो. निघायच्या दिवशी पाकिटात पैसे घालून ते टेबलावर ठेवावेत का, या विचारात सकाळचा बराच वेळ गेला. शेवटी ठेवले नाहीत. बरोबर केलं असं आतून वाटत होतं, पण का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येईल, आणि सांगायला हवं असंही वाटतं, कारण परक्याच्या घरी मिळणारा हा मुक्काम आता दोन्हीकडून कोंडीत सापडला आहे. एकीकडे त्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत, दुसरीकडे त्याला स्वस्तातली सोय समजणारे प्रवासी.

"पैसे देऊन मोकळं व्हावं" हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. कुणाचे उपकार अंगावर नकोत, ही त्यामागची भावना स्वाभिमानाची असते. पण 'मोकळं व्हावं' हे शब्दच नीट ऐकावेत. पैसे देऊन माणूस मोकळा होतो, म्हणजे संबंध तिथे संपतो. हॉटेलचा तोच तर गुण आहे. आजारी असताना, थकून आल्यावर, कुणाशी एक शब्द बोलायची इच्छा नसताना हॉटेलची खोली हे वरदान असतं, आणि मी ते पुष्कळदा घेतलं आहे. तिथे गादी कडक निघाली तर तक्रार करता येते, कारण ती रात्र विकत घेतलेली असते. घरात मिळतं ते गादीपुरतं नसतं. सकाळी बाथरूममध्ये आधी कोण जाणार, दिवा किती वाजता मालवायचा, जिन्यात शेजारी भेटले तर हा कोण म्हणून सांगायचं, अशा शंभर गोष्टी हलवून त्या घराने आपल्या दिवसात एका माणसापुरती जागा केलेली असते. तिचा दर कसा काढायचा? काढलाच तर यजमान घड्याळाकडे पाहू लागेल, आणि पाहुणा दिल्या पैशांत पुरेसं मिळालं का याचा हिशोब मांडत बसेल.

म्हणून ऋण उरतं. ते उरू द्यावं असं माझं म्हणणं आहे. फक्त ते फेडायचं कुणाला, हे ठरवायला हवं.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेची हवाई हद्द बंद झाली, तेव्हा अटलांटिक ओलांडून येणारी ३८ नागरी विमानं कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर गँडरच्या विमानतळावर उतरवली गेली. प्रवासी आणि कर्मचारी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास माणसं, आणि गावाची वस्ती दहा हजारांच्या घरात. शाळा, चर्च, सभागृहं उघडली गेली, आजूबाजूच्या गावांनी माणसं वाटून घेतली, कित्येकांनी अनोळखी प्रवाशांना आंघोळीला आणि झोपायला आपल्या घरी नेलं. काही दिवसांनी विमानं निघाली. देऊ केलेले पैसे गावकरी घेईनात. लुइसपोर्ट नावाच्या जवळच्या गावात राहिलेल्या एका विमानातल्या प्रवाशांनी मग परतीच्या वाटेवर, विमानातच ठरवलं की त्या गावातल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा करायचा. विमान उतरण्याआधी वर्गणीचे आकडेही घालून झाले होते.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या पैशाची दिशा. ज्यांनी पांघरूण दिलं त्यांच्या हातात तो गेला नाही. तो पुढे गेला, जी मुलं अजून घराबाहेर पडायची होती त्यांच्याकडे. पाहुण्याच्या ऋणाची वाट हीच आहे, असं मी मानतो. मला किल्ली देणारं ते जोडपं माझ्या शहरात कधी येईल अशी शक्यता जवळजवळ नाही. पण त्यांनाही तरुणपणी कुणीतरी, कुठेतरी ठेवून घेतलं होतं, ते त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. मी त्या रांगेतला मधला माणूस आहे. माझ्या पुढे जो कोणी उभा असेल त्याचं देणं मी लागतो. घर लहान असेल, घरात आजारपण असेल, तर रात्रीचा मुक्काम देता येणार नाही हे समजण्यासारखं आहे. तेव्हा एखाद्या परक्याला एक संध्याकाळ द्यावी, स्टेशनवरून आणावं, त्याला आपलं शहर पायी फिरून दाखवावं. पण आपण कुणाच्या तरी घरी वीस रात्री काढल्या आणि आपलं दार वीस वर्षांत एकदाही उघडलं नाही, तर त्याला प्रवासाची हुशारी म्हणू नये. ती उचल आहे, न फेडलेली.

यात यजमानाला काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना मी याच शब्दाकडे बोट दाखवतो. 'यजमान' हा मूळचा यज्ञातला शब्द. संस्कृतात 'यज्' हा धातू दोन प्रकारे चालतो. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', आणि ज्याला यज्ञाचं फळ मिळायचं आहे तो करतो तेव्हा 'यजते'. 'यजमान' हे रूप या दुसऱ्या, आत्मनेपदी प्रयोगातलं आहे. दिल्याचं फळ देणाऱ्याकडे येतं, हे त्या शब्दाच्या प्रत्ययातच बसलेलं आहे. ते फळ मला स्वतः यजमान झाल्यावर कळलं. आमच्याकडे उतरलेल्या एका मुलीने विचारलं की कोपऱ्यावरच्या इमारतीच्या दगडी पाटीवर काय लिहिलंय. मी त्या पाटीखालून अकरा वर्षं जात होतो आणि ती कधी वाचली नव्हती. आम्ही दोघं खाली उतरून वाचायला गेलो. लॅटिनमध्ये तर 'होस्पेस' या एकाच शब्दाचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. त्या संध्याकाळी तो शब्द मला नीट समजला.

आता कंपन्यांकडे येतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर विश्वासाची काहीतरी खूण लागते, ही गरज जुनी आहे. प्राचीन रोमन जगात दोन घराण्यांमध्ये पाहुणचाराचं नातं जुळलं की त्याची खूण म्हणून एक बिल्ला करत. त्याचे एकमेकांत बसणारे दोन भाग असत, एक या घरात, एक त्या घरात. पुढे एखादा वंशज त्या शहरात गेला की आपल्याकडचा भाग दाखवी. दोन्ही जुळले की त्याला घरात घेत. त्या बिल्ल्यावर मालकी होती ती त्या दोन घरांची. मधला कुणी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, बॉब लुइटवायलर या युद्धाला नकार देणाऱ्या अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांसोबत अशा घरांचं एक जाळं विणायला घेतलं. त्याचं पुढे पडलेलं नाव 'सर्व्हास', एस्परांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेतल्या 'सेवा करणं' या क्रियापदाचं रूप. ज्यांच्या घरी आपण झोपलो त्यांच्यावर बंदूक उगारणं जड जाईल, ही त्यामागची साधी श्रद्धा. इथे प्रवाशाची आधी एक सभासद समोर बसून मुलाखत घेतो, मग त्याला परिचयपत्र मिळतं, आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. एस्परांतो बोलणाऱ्यांनी १९७४ पासून 'पास्पोर्ता सेर्वो' ही यजमानांची यादी चालवली. तिची मुख्य अट एवढीच की पाहुण्याला ती भाषा यावी. १९९३ पासून सायकलवरून लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्यांचं 'वॉर्म शॉवर्स' आहे. तिन्हीकडे मुक्कामाचे पैसे मागितले जात नाहीत, पण पाहुण्याने काहीतरी घेऊन यावं अशी अपेक्षा आहे. कुठे शांततेवरची निष्ठा, कुठे कष्टाने शिकलेली भाषा, कुठे दिवसभर मारलेली पायडलं.

'काउचसर्फिंग' हे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झालं ते या सगळ्या अटी बाजूला ठेवून, आणि म्हणून ते प्रचंड वाढलं. त्याच्या सुरुवातीची हकीकत छान आहे. केसी फेंटन या तरुणाला आइसलँडचं तिकीट मिळालं होतं, राहायला जागा नव्हती, म्हणून त्याने तिथल्या विद्यापीठातल्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून घरी ठेवून घ्याल का असं विचारलं. २००६ मध्ये संकेतस्थळाचा बराचसा डेटा नष्ट झाला, तेव्हा सभासदांनी स्वयंसेवक म्हणून राबून ते पुन्हा उभं केलं. २०११ मध्ये ही ना-नफा संस्था नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. आणि मे २०२० मध्ये, महासाथीने प्रवास ठप्प असताना, अनेक देशांतल्या सभासदांना एके दिवशी दिसलं की पैसे भरल्याशिवाय आपल्याच खात्यात जाता येत नाही.

पैसे मागितले हा माझा आक्षेप नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत, सर्व्हासही सभासदांकडून वर्गणी घेतं. आक्षेप मालकीवर आहे. वर्षानुवर्षं लोकांनी एकमेकांबद्दल लिहिलेले अभिप्राय, 'हा माणूस आमच्याकडे चार दिवस होता, विश्वासाचा आहे' अशी वाक्यं, म्हणजे त्या जुन्या बिल्ल्याचे अर्धे भाग. ते तयार केले यजमानांनी आणि पाहुण्यांनी, रात्री जागून, चादरी बदलून. आणि ते कुलूपबंद झाले एका तिसऱ्याच्या निर्णयाने, ज्यात त्यांचं मत विचारलं गेलं नाही. पाहुणचार हा ज्यांचा आहे त्यांच्याच हातात त्याचं जाळं असायला हवं, सभासदांना मत असायला हवं, आणि आपल्याबद्दलचे अभिप्राय उचलून दुसरीकडे नेता यायला हवेत. असं करता येतं. २००७ पासूनचं 'बीवेलकम' आणि २०१४ पासूनचं 'ट्रस्टरूट्स' ही दोन्ही जाळी ना-नफा तत्त्वावर चालतात आणि त्यांची संगणकीय संहिता, म्हणजे कोड, कुणालाही पाहता-वापरता येईल अशी खुली आहे. ती लहान आहेत, कित्येक शहरांत मोजकेच यजमान सापडतात. जे आज तक्रार करतात त्यांनी तिथे आपलं नाव घालावं, म्हणजे ती लहान राहणार नाहीत.

अभिप्रायांबद्दल आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. दोन्ही बाजू एकमेकांबद्दल उघड लिहितात, तेव्हा वाईट लिहायला कुणी धजत नाही. सगळे 'फार छान' म्हणतात. एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला ज्या एका वाक्याची गरज असते, नेमकं तेच लिहिलेलं नसतं. जागा दिली म्हणून पाहुण्याच्या देहावर कोणताही हक्क मिळत नाही, आणि पाहुणीने कृतज्ञतेपोटी गप्प बसावं ही अपेक्षा तर चीड आणणारी आहे. पहिली भेट बाहेर, उजेडी व्हावी, आयत्या वेळी जाता येईल अशी दुसरी जागा ठरलेली असावी. चांगल्या यजमानाला याचा अपमान वाटत नाही. ज्याला वाटतो त्याच्याकडे जाऊ नये.

भाड्याच्या धंद्याशी या पाहुणचाराची गल्लत होते, तीही थांबायला हवी. 'एअरबीएनबी'ची सुरुवात २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका घरात हवेच्या गाद्यांवर झोपलेल्या तीन पाहुण्यांपासून झाली. तिथून प्रकरण असं वाढलं की बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं, पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे १०,००० घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे, कारण शहरातल्या माणसांनाच राहायला घरं मिळेनात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी काळासाठी घर भाड्याने देताना यजमानाने स्वतः तिथे राहत असलं पाहिजे आणि पाहुणे दोनच असले पाहिजेत, हा नियम कडकपणे लागू झाला. मला हे निर्णय योग्य वाटतात. न्यूयॉर्कच्या नियमात तर पाहुणचाराची व्याख्याच अर्धी येऊन गेली आहे. घरात घरचं माणूस आहे का, एवढं पाहावं. तिथे पैसेही घेतले जात नसतील तर इमारतींच्या व्यवस्थापकांनी एका रात्रीच्या पाहुण्याला भाडेकरूसारखं वागवू नये.

इथवर मी यजमानाबद्दल एकवचनात बोललो. ते खरं नाही, आणि हे मला उशिरा कळलं. एका घरी गृहस्थ माझ्याशी मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारत बसले होते. इतिहास, राजकारण, त्यांचा तरुणपणीचा प्रवास. मी भारावून गेलो होतो. त्या वेळी आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी मुलांना निजवत होत्या, कारण मुलांची खोली मला दिलेली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या उठल्या होत्या. घरी परतल्यावर मी मनापासून आभाराचं पत्र लिहिलं, आणि ते त्या गृहस्थांच्या नावाने लिहिलं. त्या पत्राची मला आजही लाज वाटते. औदार्याचं श्रेय गप्पा मारणाऱ्याला मिळतं आणि त्याचे कष्ट बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वाट्याला जातात. 'आमचं घर सदैव उघडं' असं जो म्हणतो त्याला आधी विचारावं, की चादर कोण धुतं? पाहुण्याने तर पहिल्याच दिवशी हे बघून घ्यावं, आणि त्या माणसाच्या हातातलं काम घ्यावं. भेटवस्तूपेक्षा तेवढं पुरेसं आहे.

मुक्कामाच्या मर्यादेबद्दल माणसं इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एक ते तीन दिवसांपाशीच का पोहोचली, याचं उत्तरही मला याच घरकामात सापडतं. मनुस्मृती एक रात्र राहणाऱ्याला अतिथी म्हणते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'दिदाखे' या नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा, आणि तीन दिवस राहिला तर तो खोटा समजावा असं म्हटलं आहे. इस्लामी परंपरेत पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढचं सगळं दान. सर्व्हासच्या दोन रात्री याच ओळीतल्या. नियम लिहिणारे बहुधा पुरुष होते, पण तिसऱ्या दिवशी कोण थकलं होतं हे त्यांनाही दिसलं असणार.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये चिरस्थायी शांततेबद्दल लिहिताना एक भेद केला होता, तो मला इथे फार उपयोगी वाटतो. परक्या भूमीवर येणाऱ्या माणसाला शत्रू म्हणून वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. पण कुणाच्या घरी पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याला नाही; ते यजमानाच्या राजीखुशीवर. यातला दुसरा भाग प्रवाशांनी लक्षात ठेवावा. विनंतीला नकार आला म्हणून रागावण्याचं कारण नाही. पहिला भाग मात्र सरकारांनी मोडीत काढला आहे. ज्यांच्या पासपोर्टला सगळीकडे वाट मिळते ते जगभर लोकांच्या घरी राहतात, आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या कितीतरी यजमानांना त्यांच्या देशाचा व्हिसा मिळत नाही. अशाने ऋण पुढे जाण्याऐवजी एकाच बाजूला साचत राहतं. म्हणून ज्यांना सहज हिंडता येतं त्यांच्यावर मी जास्त भार टाकतो. व्हिसाच्या अर्जासोबत राहायची सोय कुठे आहे ते दाखवावं लागतं. तिथे आपल्या सहीचं निमंत्रणपत्र द्यावं, लागतील ती कागदपत्रं जोडावीत, आणि ते माणूस आलं की स्टेशनवर उभं राहावं. असं एक पत्र मिळवण्यासाठी लोक महिनोन्महिने खटपट करतात.

आमच्याकडे आता विनंती आली की मी उत्तर लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारतो. चादरी मीच धुतो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचं पत्र आलं, आणि आई म्हणाली, "या आठवड्यात नको, मला बरं वाटत नाही." मी त्याला तसं कळवलं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंना विचारलं. चार वर्षांपूर्वी त्या या शहरात नव्याने आल्या तेव्हा दोन रात्री आमच्याकडे राहिल्या होत्या. त्यांनी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं.